एकाच मालकिणीची गाडी

दुबईत रास अल खोरला दोन प्रकारची माणसं जातात. पहिली रोहित पक्षी बघायला. दुबईची खाडी पूर्वी जिथे आत येऊन संपायची तिथे साधारण 6 चौरस किलोमीटरचं पाणथळ राखून ठेवलंय. 2007 साली त्याचं नाव महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलं. थंडीत तिथल्या आडोशात उभं राहून दुर्बिणीला डोळा लावला की चिखलात चोची खुपसून उभे असलेले गुलाबी पक्षी आणि त्यांच्यामागे बुर्ज खलिफा, असं सगळं एका चौकटीत मिळतं. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो. पाहुणे फोटो काढतात आणि गाडीत बसता बसता म्हणतात, "हे आमच्या ऐरोलीलाही येतात की." येतात. ठाण्याची खाडीही 2022 पासून त्याच यादीत आहे. पण दुबईत फुकट दाखवण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे पुढच्या पाहुण्यांनाही आम्ही तिथेच नेतो.

दुसरी माणसं जातात ती जुनी गाडी घ्यायला. पक्ष्यांपासून थोड्याच अंतरावर गोदामं आहेत, गॅरेजं आहेत, पलीकडे फळं-भाजीचा भलामोठा बाजार आहे आणि या सगळ्यात वापरलेल्या गाड्यांचा बाजार आहे. ओळीनं शोरूम, ओळीनं गाड्या, सगळ्या धुऊन-पुसून, टायरांना काळं तेल फासून उभ्या. माझं ऑफिस याच भागात, स्पेअर पार्ट्सच्या एका पेढीत. मी तिथे हिशेब लिहिते. आकड्यांच्या कामात कल्पनाशक्तीला वाव नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांच्याकडे नंतर ऑडिटर येतात. त्यामुळे दुपारी चहाला बाहेर पडलं की मी गाड्यांच्या बाजारातून एक फेरी मारते. मराठी मासिकांतून हल्ली जितकी कथा वाचायला मिळते त्याहून जास्त तिथे ऐकायला मिळते.

आमच्या ओळखीचे एक खानसाहेब आहेत, मूळचे पेशावरचे. कुठल्याही पांढऱ्या गाडीवर हात ठेवून ते आवाज किंचित खाली आणतात आणि म्हणतात, "मॅडम, लेडी ड्रिवन है." मग जरा थांबतात. "सिंगल ओनर. अल ऐन में डॉक्टर है. सिर्फ संडे को निकालती थी."

ही डॉक्टरीण मी कितीतरी गाड्यांमधून भेटलेली आहे. पूर्वी ती शुक्रवारी गाडी काढायची. 2022 च्या जानेवारीपासून इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली, आणि सरकारी परिपत्रकाची शाई वाळायच्या आत बाईंनी आपला वार बदलला. लेखकानं काळाशी संबंध ठेवावा म्हणतात तो असा.

अल ऐनच का? मी यावर विचार केला आहे. अल ऐन दुबईपासून दीडेक तासावर. म्हणजे खातरजमा करायला कोणी जाणार नाही इतकं लांब आणि अविश्वास वाटू नये इतकं जवळ. डॉक्टर का? कारण डॉक्टर स्वच्छ असतात, कामात असतात आणि त्यांना गाडी चालवायला वेळ नसतो. इथवर कोणीही पोचेल. पण खानसाहेबांची खरी करामत पुढे आहे. मागचं दार उघडून ते कोऱ्या करकरीत सीटवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "पीछे कभी कोई बैठा ही नहीं. बच्चे नहीं हैं उनके." गिऱ्हाईक क्षणभर गप्प होतं. बाईंना मूल नाही ही माहिती गाडी विकायला अजिबात लागत नव्हती. म्हणून तर ती खरी वाटते. गिऱ्हाईक गाडीकडे बघत असतं आणि मनात त्या न भेटलेल्या बाईंचा रविवार उभा राहिलेला असतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्याकडे एक शिष्य आला.

शिष्य यायला माझ्याकडे काही आश्रम नाही. फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी एक कथा छापून आली होती, एवढंच भांडवल. पण परदेशातल्या मराठी मंडळींत एवढ्यावर माणूस साहित्यिक होतो. 27 फेब्रुवारी आला की मला मराठी भाषेवर दोन शब्द बोलायला बोलावतात, गणपतीत निबंधस्पर्धेची परीक्षक करतात, आणि कोणाच्या आत्याच्या कवितांना प्रस्तावना हवी असली तर फोन येतो. अशाच एका कार्यक्रमानंतर हा मुलगा भेटला. वाळवा तालुक्यातला, ऑटोमोबाईलचा डिप्लोमा झालेला, आमच्याच भागात जुन्या गाड्यांची तपासणी करण्याच्या नोकरीला. गाडी घेण्याआधी गिऱ्हाईक पैसे देऊन ती तपासून घेतं, ते काम. बटाटेवड्याची बशी हातात असताना तो खाली वाकला आणि म्हणाला, "मॅडम, मला कथा शिकवा." दुसऱ्या भेटीत मी मॅडमची काकू झाले. मध्ये ताई हे एक स्टेशन असतं, तिथे गाडी थांबली नाही.

त्याच्या कथा मोबाइलमध्ये होत्या. पहिल्या कथेत नायक आर्किटेक्ट, नायिका कोरेगाव पार्कात राहणारी, दोघंही कॉफी पितात. बाहेर पाऊस. पाऊस पाच पानं पडतो आणि अथांग असतो. डोळे अथांग, शांतता अथांग, शेवटी नायिका परदेशी जाते तेव्हा विमानतळही अथांग. मी विचारलं, "कोरेगाव पार्क पाहिलंयस का?" म्हणाला, "रिक्षातून गेलोय एकदा." "आर्किटेक्ट कोणी ओळखीचा?" "नाही. पण कथेत तसंच असतंय ना, काकू?"

आता याला काय सांगायचं? कथा शिकवता येते की नाही यावर मराठीत शंभर वर्षं भांडण चालू आहे आणि दोन्ही बाजूंची माणसं मोठी आहेत.

ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहून सरळ सांगून टाकलं की लेखन ही देवाची देणगी म्हणून हात जोडून बसायची गोष्ट नाही. तिला तंत्र आहे आणि तंत्र शिकता येतं. सुरुवात चटकदार हवी, मग गुंता, मग गुंता शिगेला, मग उकल. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, त्यामुळे मांडणी चोख. त्या पुस्तकाची पुढे बरीच चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांत ते न वाचलेलेच जास्त असावेत असा मला संशय आहे. कारण 'तुम्हालाही जमेल' हे वाक्य मराठीत नवोदिताला इतक्या मोकळेपणानं आधी कोणी ऐकवलं होतं?

मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर आले आणि नवकथेनं तो सगळा गुंता-उकल हिशेब मोडीत काढला. कथेत काही घडलंच पाहिजे असं नाही, मनात घडलं तरी पुरे. हे जमलं त्यांना सुरेख जमलं. न जमलेल्यांच्या कथांत मात्र काहीच घडेना, बाहेरही नाही आणि मनातही नाही.

आणि या सगळ्यांच्या मध्ये गिरगावातल्या खटाववाडीत 'सत्यकथा' मासिकाचं ऑफिस होतं. मराठीत कथालेखनाची शाळा म्हणावी अशी एक जागा होऊन गेली असेल तर ती हीच. फळा नव्हता, फी नव्हती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेली कथा वाचायचे आणि लेखकाला पत्र लिहायचे. नुसतं साभार परत नव्हे. कुठे पात्र लेखकाच्या तोंडानं बोलतंय, कुठे शेवट आधी ठरवून कथा त्याकडे ओढत नेलीय, कोणता परिच्छेद कथेला नको आहे, असं सगळं. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा, पुन्हा पत्र यायचं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला बसून होते, पुण्या-मुंबईच्या साहित्यिक गर्दीत दिसणं त्यांना मुळात नको होतं, पण श्री. पुं.शी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. हे मला फार दिलासा देणारं वाटतं. धारवाड ते गिरगाव जे टपालानं साधलं ते रास अल खोरहून साधायला हरकत नाही, फक्त तसं पत्र लिहिणारा माणूस हवा. राम पटवर्धनांचा 'पाडस' हा अनुवाद वाचला की कळतं, हा माणूस दुसऱ्याच्या वाक्यावर इतका का थांबू शकत होता.

अर्थात गुरूचा हात फार वेळ डोक्यावर राहिला की केसांचा भांग त्याच्याच मनासारखा पडतो. 1969 साली लघु अनियतकालिकवाल्यांनी सत्यकथेची होळी केली, राजा ढाले त्यांत पुढे होते. तक्रार अशी की या चाळणीतून जे येतं ते सगळं एकाच सोज्वळ चवीचं असतं. दलितांचं, झोपडपट्टीचं, रस्त्यावरच्या भाषेचं जगणं तिच्या छिद्रांतून येतच नाही. तक्रारीत तथ्य होतं. आणि पत्रांत माया होती, हेही खरं. मला यांतली एक बाजू घेऊन दुसरीवर दगड मारता येत नाही. 1982 साली सत्यकथा बंद पडलं. त्याच साली इथे शेजारी शारजाला पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय मेळा सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण हिशेबनीसाला जमा-खर्च शेजारी मांडायची खोड असते.

मी हे सारं शिष्याला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि अण्णाभाऊंना कोण होतं?"

अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे त्याच्याच तालुक्यातले. दीड दिवसाची शाळा. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं पक्की केली असं सांगतात. पुढे 1959 साली 'फकिरा'. त्यांना खटाववाडीतून कोणी पत्रं लिहिलेली नव्हती. मी म्हटलं, "त्यांच्यासमोर माणसं होती बाबा. शाहिरी केलेली. पोवाडा पडतोय की चढतोय हे त्याच मिनिटाला कळायचं." हे मी वेळ मारून नेण्यासाठी बोलले, पण नंतर वाटलं की बरोबरच बोलले. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले तेव्हा हजार माणसांची सभा हाच त्यांचा संपादक होता. ज्या वाक्याला कोणी हसलं नाही ते वाक्य पुढच्या गावाला जात नसे. आमचे खानसाहेबही याच घराण्यातले. गिऱ्हाइकाची भुवई उडाली की डॉक्टरीणबाईंच्या चरित्रातला तेवढा मजकूर दुसऱ्या दिवशी गळालेला असतो.

त्याच सुमारास माझ्या मुलीला लायसन्स मिळालं आणि तिच्यासाठी जुनी गाडी बघायची ठरली. शिष्य म्हणाला, "काकू, मी येतो." 16 एप्रिल 2024 च्या पावसानंतरचे ते महिने होते. त्या दिवशी अमिरातीत नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या पंचाहत्तर वर्षांत पडला नव्हता एवढा पाऊस पडला. अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटरच्या वर. दुबईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या, तळघरातल्या पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडाल्या होत्या. त्यांतल्या काही पुढे वाळवून, पुसून, अत्तर मारून बाजारात आल्या. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणती ती, एवढंच माहीत नव्हतं.

एक गाडी आम्हाला पसंत पडली. अर्थातच पांढरी, अर्थातच अल ऐनची डॉक्टरीण. शिष्यानं खिशातून रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि बॉनेटला टेकवलं. 110. पुढचं दार, 120. छत, 115. मायक्रॉनमध्ये. मागच्या दारावर टेकवलं तर 700. "लांबी भरलीय," तो म्हणाला. आपल्याकडे गॅरेजवाले पोचा बुजवायला जी पुट्टी भरतात, ती. मग तो काचांचे कोपरे बघत गेला. प्रत्येक काचेवर ती कधी बनली त्याची बारीक खूण असते. एक काच बाकीच्या काचांहून दोन वर्षांनी तरुण निघाली. प्रकाशनाच्या सालावरून वाद झाला म्हणून जी. एं.नी 'काजळमाया'चा साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता. तो नियम इथे लावला तर अर्धा बाजार परत करावा लागेल.

पण हे सगळं किरकोळ. खरी गंमत पुढे झाली. तो ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. नेहमीच्या लांबीपर्यंत नाही, ओढत राहिला. पोटाच्या पुढे, गुडघ्यांच्या पुढे, पार शेवटपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली ती तपकिरी होती. कडेला वाळलेल्या चिखलाची रेघ. पट्टी त्यानं बोटांत धरली, नखानं खरवडली, वास घेतला. "धुताना बेल्ट कोणी एवढा ओढत नाही," तो म्हणाला. "बाकी सगळं धुतात. पाणी हितपर्यंत आलंतं." त्यानं खांद्याला हात लावला. "तळघरात असणार. रस्त्यावरच्या पाण्याला एवढा बारीक गाळ नसतो, हा बसून राहिलेल्या पाण्याचा आहे. दोन-तीन दिवस तरी कोणी काढली नाही. मालक देशाबाहेर असंल, न्हाईतर दवाखान्यात."

मी म्हटलं, "हे लिही."

"काय?"

"आत्ता बोललास ते."

तो हसला. "ही काय कथा आहे का काकू, हे तर काम आहे."

त्यानं लिहिलं मात्र. आठवडाभरानं मजकूर आला. गाडीचं वर्ष, किलोमीटर, कुठे किती मायक्रॉन, बेल्टचा गाळ, एअरबॅगच्या वायरिंगवरचा गंज. सगळं खरं आणि सगळं निर्जीव. मला आतून धक्का बसला, कारण माझी अटकळ अशी होती की मुलगा आपल्या कामाबद्दल लिहायला लागला की कथा आपोआप होईल. 'स्वतःचा अनुभव लिहा' हे आपण नवोदितांना इतक्या सढळ हातानं सांगतो, की अनुभव तपासणीच्या अहवालातही असतो हे विसरायला होतं. खानसाहेबांकडे एक अक्षर खरं नव्हतं आणि डॉक्टरीण जिवंत होती. याच्याकडे एक अक्षर खोटं नव्हतं आणि आत कोणीच बसलेलं नव्हतं.

मी त्याला तेच सांगितलं. चांगलं पत्र लिहावं, राम पटवर्धनांसारखं, असं मनात होतं. पण आजचा शिष्य पत्र वाचत नाही, त्याला व्हॉइस मेसेज लागतो. मी सहा मिनिटांचा मेसेज पाठवला. त्यानं तो दीडपट वेगानं ऐकला, हे त्यानंच निरागसपणे सांगितलं. श्री. पुं.चं पत्र कोणी दीडपट वेगानं वाचलं असेल असं वाटत नाही.

या देशात रीतसर सोयही आहे म्हणा. एमिरेट्सचा साहित्य महोत्सव 2009 पासून भरतो आणि तो भरवणारी संस्था नव्या लेखकांना अनुभवी लेखकाच्या हाताखाली काम करायला मिळावं म्हणून शिष्यवृत्तीही देते, अरबी आणि इंग्रजीसाठी. आमच्या ऑफिसखाली कॅफेटेरिया चालवणाऱ्या मल्याळी मालकांना असल्या शिष्यवृत्तीची गरज वाटत नाही. चहाच्या कपाबरोबर ते दर वेळी मला आठवण करून देतात की बेन्यामिननं 'आडुजीवितम्' बहारिनमध्ये नोकरी करता करता लिहिलं, 2008 साली. वाळवंटात शेळ्यांमागे गुलामासारखा राबवला गेलेला एक खराखुरा माणूस होता, मित्रानं त्याच्याबद्दल सांगितलं, बेन्यामिन त्याला भेटायला गेला, पुन्हा पुन्हा भेटत राहिला, ऐकत राहिला. "तुमच्या मराठीत गल्फवर कोण लिहितं?" हा त्यांचा प्रश्न चहाच्या बिलात धरलेला असतो. मी म्हणते, एक मुलगा लिहितोय. ते म्हणतात, तोच ना, पराठ्याचे पैसे महिनाअखेरीला देणारा?

शिष्य हुशार निघाला आणि मला ते जरा महागात पडलं. त्यानं माझी ती दिवाळी अंकातली कथा कुठूनशी मिळवली. दोन दिवसांनी चहाला आला, चहा संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, राग येणार नसंल तर सांगतो. तिसऱ्या पानावर पेंट जाड लागतोय."

"म्हणजे?"

"आई गेल्याचं आहे ना, तिथं. चार वाक्यं आहेत. आधीच्या वाक्यांपेक्षा जास्त चमकतात. खाली काहीतरी बुजवलंय."

मी त्याला सांगितलं की ती चार वाक्यं वाचकांना फार आवडली होती, संपादकांचं तसं पत्रही आलं होतं. तो म्हणाला, "आवडणारच. लांबी भरल्यावर दार नव्यासारखंच दिसतं." मी बिल मागवलं. शिष्यानं गुरूच्या कथेला यंत्र लावू नये असं काही शास्त्रात सांगितलेलं नाही, पण निदान दिवाळीपर्यंत थांबावं.

त्यानंतर बरेच दिवस काही आलं नाही. मग एका शुक्रवारी दुपारी, ऑफिस अर्धा दिवस असतं तेव्हा, नवी कथा आली. तिच्यात अथांग एकदाही नव्हतं. कथेतला तरुण गाड्या तपासतो. ज्या ज्या गाडीत बसतो तिच्यात कोणीतरी त्याला अल ऐनची डॉक्टरीण सांगतं. त्याला माहीत असतं की ही बाई नाही. तरी तो हळूहळू तिच्या खुणा शोधायला लागतो. सीटच्या फटीत केसांची पिन. रेडिओ लावला तर आधीच जुळवून ठेवलेलं हिंदी गाण्यांचं स्टेशन. कप्प्यात औषधाच्या दुकानाची पावती, अक्षरं उडालेली. वेगवेगळ्या गाड्यांतल्या वेगवेगळ्या बायकांच्या वस्तू तो मनात एकीच्याच नावावर जमा करत जातो. आणि एक दिवस बाजारात खरोखरच एक बाई येते. एकटी, पन्नाशीची, अल ऐनच्या हॉस्पिटलातली डॉक्टर. घेतल्यापासून तिचीच गाडी, रविवारीच काढलेली, मागच्या सीटवर कोणी न बसलेलं. आता ती कायमची परत चाललीय म्हणून विकायला आणलीय. ती आपली सगळी हकीकत सांगते आणि आख्ख्या बाजारात एकही माणूस तिच्यावर विश्वास ठेवत नाही. एजंट एकमेकांकडे बघून हसतात. "मॅडम, ये कहानी हम बेचते हैं, खरीदते नहीं."

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

शेवट मात्र मला पटला नाही. शेवटी बाई गाडीत बसून रडते आणि तरुण काचेबाहेरून तिच्याकडे बघत राहतो, दोन पानं. मी म्हटलं, रडणं काढ. तो म्हणाला, काकू, तिला रडू येणारच. मी म्हटलं, येऊ दे, तुझ्या दोन पानांत नको. तो म्हणाला, मग ती काय करंल? मला माहीत नव्हतं, पण मार्गदर्शकानं तसं दाखवायचं नसतं. मी म्हटलं, ते तू शोध. आमचं यावर बरंच वाजलं. त्यानं फडक्यांचं नाव घेतलं, मी गाडगिळांचं घेतलं, म्हणजे दोघांनी ज्यांचा आधार घेतला त्यांपैकी कोणालाही या बाजारात गाडी विकावी लागलेली नव्हती.

शेवटी त्यालाच सुचलं की खानसाहेबांना ऐकवू. कथा त्यांच्याच कारखान्यातली. एका संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना तो त्यांच्या केबिनमध्ये गेला, मी सोबत. त्यानं मराठी कथा आपल्या सांगलीच्या हिंदीत तोंडी सांगितली, आणि सांगता सांगता दोन पानांचं रडणं दोन शब्दांवर आलं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी वहीत टिपून ठेवलं.

खानसाहेब पूर्ण वेळ तसबीह फिरवत ऐकत होते. एजंट हसतात तिथे त्यांची बोटं थांबली. "गलत है," ते म्हणाले. "मैं होता तो पहले चाय पिलाता. औरत अकेली आई है." शिष्यानं ते लिहून घेतलं. मग कथा संपली आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"फिर?" खानसाहेब म्हणाले.

"फिर क्या, खतम."

"खतम कैसे? गाडी कितने में दी?"

शिष्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. आकडा कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नाही, आणि हिशेब लिहिते मी.

"बेटा," खानसाहेब खुर्ची मागे सारत म्हणाले, "कौनसा मॉडेल, कितना किलोमीटर, बाजार में उसका रेट क्या, और उसको मिला क्या. ये चार चीज बताओ, तब मालूम पडेगा उसके साथ क्या हुआ. अभी तो तुम सिर्फ बोल रहे हो कि बुरा हुआ."

शिष्यानं तिथेच मोबाइल काढला आणि विचारलं, मधल्या मॉडेलची, नव्वद हजार किलोमीटर झालेली असली तर? खानसाहेबांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. नव्वद हजार फार झाले, ते म्हणाले, फक्त रविवारी काढणाऱ्या बाईचे चाळीसच्या वर जाणार नाहीत. मग टायर मूळचे असणार, शिष्य म्हणाला. असणार, पण उन्हानं तडकलेले, खानसाहेब म्हणाले, तेवढे कापा. दोघं अशी घासाघीस करू लागले की जणू बाई बाहेर उभी आहे. मी त्यांना तिथेच सोडून बस पकडायला निघाले, तेव्हा भाव बत्तीस हजार दिरहॅमवर अडला होता आणि शिष्य खाली सरकायला तयार नव्हता.